दोन फोल्डर एकत्र करताना

जुन्या लॅपटॉपवरचे आणि हार्ड डिस्कवरचे घरच्या फोटोंचे फोल्डर मी गेल्या आठवड्यात एकत्र केले. विंडोजमध्ये एकाच नावाचा फोल्डर दुसऱ्यावर टाकला की आतल्या फाइली एकत्र होतात. मॅकच्या फाइंडरमध्ये मात्र ‘रिप्लेस’ निवडल्यास तिथला आधीचा फोल्डरच जातो, आणि हा फरक ठाऊक नसणे फार महागात पडते. त्याहून अवघड प्रश्न नावांचा आहे. कॅमेरा फोटोच्या नावात घालतो तो क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येत असल्यामुळे आईच्या साठीचा आणि भाचीच्या बारशाचा फोटो एकाच नावाचा निघाला, म्हणून नावावर विसंबून न राहता मी अशा प्रत्येक जोडीतील दोन्ही फाइलींची एसएचए-२५६ मूल्ये (फाइलीच्या आतील माहितीवरून काढलेली, तिच्या बोटाच्या ठशासारखी खूण) ताडून पाहिली. ती जुळली तरच एक प्रत काढली. उरलेल्यांच्या नावाआधी २०१४-०५-१८ अशा पद्धतीने तारीख लावली.