लेकीला गाडी शिकवण्याआधी

माझी लेक यंदा अठरा पूर्ण करेल. दुचाकीच्या लर्निंग लायसन्सचा विषय घरात केव्हापासून चालू आहे आणि 'आई, क्लास नको, तूच शिकव' हे तिने परस्पर ठरवूनही टाकलंय. मला बरं वाटलं. पण शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं, याचा विचार करायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझं चालवणं आजवर कुणी तपासलेलंच नाही. थोरल्या भावाने सुट्टीत कॉलनीतल्या रस्त्यावर शिकवलं, पुण्यात आळंदी रस्त्यावरच्या आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवला, लायसन्स हातात पडलं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटरसायकल अपघातांचा एक मोठा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात अपघातात सापडलेले 92 टक्के चालक माझ्यासारखेच होते, म्हणजे आपलं आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आता मी शिकवणार म्हणजे माझ्या सवयी, बऱ्यावाईट सगळ्या, जशाच्या तशा तिच्याकडे जाणार. म्हणून आधी मला तपासायचं ठरवलं.

तपासायचं कसं, हे मात्र कळेना. आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना सहज विचारलं, तर त्यांनी एक प्रश्नावली काढून दिली. ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोटरसायकलस्वारांसाठी तयार केलेली, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात 43 विधानं आहेत आणि प्रत्येकासमोर 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमीच'पर्यंत सहा पायऱ्या. विधानांचे पाच गट पडतात: रहदारीतल्या चुका, गाडीवरचा ताबा, वेग, कसरती आणि सुरक्षेची साधनं. मॅडमनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. त्या अभ्यासात अपघातांशी सगळ्यात सातत्याने जोडलेला गट निघाला तो रहदारीतल्या चुकांचा. म्हणजे उभ्या गाडीमागून रस्त्यात येणारा माणूस वेळेत न दिसणं, पुढच्याने उजवीकडे वळायचा इंडिकेटर दिलाय हे न पाहताच त्याला ओव्हरटेक करायला जाणं, अशा चुका. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपण सुरक्षित चालवतो की नाही हे ठरवताना आपण फक्त वेग बघतो. 'मी काही पळवत नाही बुवा' असं म्हटलं की विषय संपतो. पण खरा प्रश्न असा, की मला काय काय दिसत नाही?

मूळ प्रश्नावली तशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही. चामड्याचे सूट आणि एका चाकावर गाडी उचलणं वगैरे विधानं मी काढून टाकली. त्याऐवजी आपली घातली: सर्व्हिस रोडला उलट्या दिशेने थोडंसंच जाणं, हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणं, पीएमपीच्या बसला डावीकडून कट मारणं, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांच्या कडेची खडी न बघता वळणं, ओढणीची टोकं मोकळी सोडून निघणं. मग संध्याकाळी टेबलाशी बसून प्रामाणिकपणे भरली. निकाल उत्तम आला.

तो इतका उत्तम आला म्हणूनच मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटला नाही. सवय म्हणजे जी गोष्ट करताना आपलं लक्षच नसतं ती. ती आठवून लिहायची कशी? तेव्हा तोच कागद मी लेकीला दिला. ती रोज सकाळी माझ्या मागे बसून कॉलेजला येते. तिला एवढंच सांगितलं: गाडीवर काही बोलायचं नाही, सूचना करायच्या नाहीत, फोनवर शूटिंगही नाही. उतरल्यावर भरायचं. आणि एका दिवशी सगळं बघायचं नाही, एका वेळी दोन-तीनच गोष्टी. तिने हे फार मनापासून केलं. मलाही पहिले काही दिवस जरा ताठरल्यासारखं झालं, मागून कुणी बघतंय म्हटलं की माणूस नीटच चालवतो. नंतर ते भान गेलं, आणि मग कागदावर खरं उतरायला लागलं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा जिथे फरक पडला, तिथेच शिकण्यासारखं होतं. 'सिग्नल तोडता का' याला मी 'कधीच नाही' लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. तिने समासात लिहिलं होतं: 'तोडत नाही, पण पिवळा दिसला की वेग वाढतो.' आता कर्वे पुतळ्यासारख्या चौकात पिवळ्याला वेग वाढवणारी मी आणि समोरून हिरव्याच्या दोन सेकंद आधीच निघालेला दुसरा कुणी, दोघांचीही नोंद 'सिग्नल पाळणारा' अशीच होईल. आता चौकाच्या अलीकडेच एक्सिलरेटर सोडते. पिवळा लागला आणि नीट थांबता येण्याइतकं अंतर असेल तर थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, पण पिवळा दिवा थांबण्यासाठीच आहे.

दुसरा फरक पुढच्या गाडीपासूनच्या अंतराचा. मी लिहिलं होतं 'पुरेसं ठेवते'. तिने ते मोजलं. पुढची गाडी एखाद्या खांबाशी पोचली की मनात 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' म्हणायचं, एका आकड्याला साधारण एक सेकंद लागतो, आणि आपण त्या खांबाशी केव्हा पोचतो ते बघायचं. एकशे तीनच्या आधी पोचलो तर अंतर कमी. नळस्टॉपच्या आसपास आम्ही बहुतेक वेळा एकशे एकलाच खांब ओलांडत होतो. ताशी 40 च्या वेगाने गाडी एका सेकंदाला 11 मीटर जाते. समोर काहीतरी झालंय हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच आपण पंधरा मीटर पुढे गेलेलो असतो. यावर पुण्यातलं ठरलेलं उत्तर असं, की जागा सोडली की कुणीतरी आत घुसतो. घुसतो, खरं आहे. मग पुन्हा थोडं मागे राहायचं. रोजच्या वाटेवर त्याने दोन-चार मिनिटांहून जास्त उशीर होत नाही, हे मी आता अनुभवाने सांगते.

आरशांचंही असंच. माझ्या आरशात अर्धी जागा माझ्याच कोपरांनी व्यापलेली होती. ते बाहेरच्या बाजूला वळवले. शिवाय आरशात न मावणारा एक पट्टा दोन्ही बाजूंना उरतोच, त्यासाठी वळण्याआधी क्षणभर मान वळवून बघावंच लागतं. डावीकडे वळताना ही गोष्ट मी करत नव्हते. आपल्याकडे डावीकडून येणाऱ्यांची संख्या पाहता तिथेच ती जास्त लागते.

आता हेल्मेट. पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय काढला की वर्षानुवर्षं तेच वाद होतात. माझं मत सरळ आहे, घालावं, आणि मी नेहमी घालते. त्यामुळे या गटात मी निर्धास्त होते. पण एका माहितीपत्रकात वाचलेली चाचणी लेकीने करून बघितली. पट्टा नेहमीसारखा लावायचा, मान थोडी खाली करायची आणि दुसऱ्याने हेल्मेट मागच्या कडेला धरून वर आणि पुढे ओढायचं. निघालं नाही तर ठीक. मी रोजच्यासारखी, उन्हाचा स्कार्फ तोंडाभोवती गुंडाळून वर हेल्मेट घालून उभी होते. तिने ओढलं आणि हेल्मेट सरकून पुढे नाकापर्यंत आलं. स्कार्फ काढून त्याच पट्ट्याने, पट्टा कसून पुन्हा केलं, तर जागचं हललं नाही. कारण उघड होतं. हनुवटीखाली कापडाचे दोन-तीन पदर होते, पट्टा त्या पदरांवर बसत होता. हाताला घट्ट लागायचा, पण झटका बसला की कापड दबून सैल होणार. वर डोक्यावरही गुळगुळीत कापड, त्यावरून हेल्मेट घसरणारच. पुण्यातल्या दुचाकीवरच्या निम्म्याअधिक बायका-मुली मला अशाच दिसतात. म्हणून हे सविस्तर लिहिलं. मी आता आतून पातळ सुती टोपडं घालते, डोकं आणि मान झाकणारं, शिवणीचं, ज्याचा कुठे गोळा होत नाही. ऊन अडतं आणि पट्टा थेट हनुवटीखाली बसतो. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 4151 हा क्रमांक होता. त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकला की तो खरा आहे की नाही ते कळतं. तेही केलं. रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या टोप्यांच्या बाबतीत हे जरूर करावं.

ब्रेकची तपासणी प्रश्नावलीने होत नाही, ती रस्त्यावरच करावी लागते. माझी गाडी 150 सीसीची आणि 2016 ची, म्हणजे 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं होण्याच्या आधीची. चाक अडकू न देणं ही जबाबदारी सगळी माझ्या हाताची. एका रविवारी सकाळी घरामागच्या नव्या, सरळ, अजून वर्दळ नसलेल्या रस्त्यावर गेलो. लेकीने खडूने आडवी रेघ मारली. त्या रेघेला ब्रेक लावायचा आणि गाडी कुठे थांबते तिथे खूण करायची, हळूहळू वेग वाढवत. फक्त मागच्या ब्रेकवर गाडी खूपच पुढे जाऊन थांबली आणि वेग जरा वाढवला तर मागचं चाक अडकून सरकायला लागलं. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा जास्त, असं केल्यावर अंतर जवळपास निम्म्यावर आलं.

'पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील' हे आपल्याकडे प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं जातं. मलाही भावाने सांगितलं होतं. वस्तुस्थिती अशी आहे की ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे सरकतो, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि थांबवायची बहुतेक ताकद तिथेच असते. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लगेच अडकतं. फक्त पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी बोटांनी हलकेच धरायचा, भार पुढे आला असं जाणवलं की मग दाबत न्यायचा. गाडी सरळ हवी, हँडल सरळ हवं. वाळूवर, खडीवर किंवा वळणात कललेलो असताना हे चालत नाही, तिथे वेग आधीच कमी केलेला असायला हवा. आणि एक हिशेब लेकीला तिथेच, खडूच्या खुणा दाखवून, समजावता आला: वेग दीडपट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सव्वादोन पट होतं. ताशी 40 आणि 60 मधला फरक काट्यावर छोटा दिसतो, रस्त्यावर नाही.

वाटेचाही विचार करावा लागला. आम्ही आंबेगावला राहतो, म्हणजे बायपासवरच्या नवले पुलाचा उतार रोजचाच. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून खाली येणारा तो लांबलचक उतार आहे. जड गाड्या तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये येतात, मग इंजिनचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक लागेनासे होतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर एका जड वाहनाने कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. तिथे माझं कौशल्य कितीही असलं तरी मागून येणाऱ्या ट्रकपुढे त्याला काही किंमत नाही. आता मी सर्व्हिस रोडने येते. तोही काही आदर्श नाही, उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्या तिथे भरपूर. पण त्या समोरून येतात, दिसतात आणि वेग कमी असतो. दोन धोक्यांतला मला निदान दिसणारा धोका मी निवडला.

बाकीचं फार वेळ न घेणारं निघालं. मागचा टायर गोटा व्हायला आला होता, खाचांमधल्या उंचवट्यांना लागेपर्यंत रबर झिजलं होतं, तो बदलला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नवा घेताना ते वाचून घेतले. ब्रेक ऑइल काळपट झालेलं होतं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तेही झालं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रात्री समोरून अप्परवर हेडलाइट आला की मला क्षणभर काहीच दिसत नाही आणि चष्म्याच्या नंबराचा त्यात किती वाटा आहे हे डॉक्टरांकडे गेल्यावरच कळेल. तोपर्यंत लेक मागे बसलेली असेल तेव्हा अंधारात बायपासला गाडी काढत नाही, रिक्षाने येतो. आणि जूनमध्ये पहिली सर पडून गेली की आम्ही हाच कागद पुन्हा भरणार आहोत. रस्त्यावर उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते आणि कोरड्या रस्त्यावर जमलेली सगळी अंतरं तेव्हा नव्याने मोजावी लागतात. तोवर तिचं लर्निंग आलेलं असेल. खडूची रेघ यावेळी मी मारणार, गाडी ती चालवणार.