सात हजारांत बाळाचा कोपरा

डोहाळजेवण झालं आणि बायको कराडला माहेरी गेली. मी डोंबिवलीत, आमच्या वन बीएचकेत, एकटा. बाळंतपणासाठी बाजूला काढलेल्या पैशांना हात लावायचा नाही असं आमचं ठरलं होतं. ते वगळून बाळाच्या खोलीसाठी म्हणून सात हजार निघत होते. खोली म्हणजे अर्थात आमचीच बेडरूम, तिचा खिडकीकडचा कोपरा.

पहिली अडचण पैशांची नव्हतीच. आईने फोनवर बजावलं, "बाळ यायच्या आधी बाळासाठी काहीही विकत आणायचं नाही." पाळणा नाही, दुपटी नाहीत, खुळखुळासुद्धा नाही. मी वाद घातला नाही, फक्त विचारलं, भिंत रंगवली तर? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, भिंत घराची असते, चालेल. हे माझ्या पथ्यावरच पडलं. हौसेची खरेदी लांबली आणि आधी भिंतीकडे बघावं लागलं.

भिंतीला पोपडे आले होते. पलीकडे बाथरूम, आणि इमारत ऐंशीच्या दशकातली. वरवर पुट्टी फासून रंग मारला तर पहिल्या पावसात तो पुन्हा सुटणार हे चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून सर्वांत मोठा खर्च जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे केला. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे कोरून त्यांत इपॉक्सी, म्हणजे पाणी झिरपू न देणारं मिश्रण, भरून घेतलं. मजुरीसकट अठराशे रुपये. नंतर एप्रिलचं ऊन आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला टेबल फॅन. भिंत आतून वाळेपर्यंत रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं नाही.

खरवडायच्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. भिंतीचा खालचा भाग जुन्या ऑइलपेंटचा होता. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात, विशेषतः ऑइलपेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता बरीच. कोरडा पॉलिश पेपर घासला की त्याची बारीक धूळ घरभर बसते. पुढे रांगणारं मूल तीच बोटं तोंडात घालणार. म्हणून भिंत ओली करत, वॉटर पेपरने घासली, तोंडाला मास्क, खाली जुनं प्लास्टिक. झाल्यावर झाडू न मारता फरशी ओल्या फडक्याने पुसून काढली आणि ती फडकी टाकून दिली. प्राइमर, पुट्टी आणि दोन लिटर इमल्शन मिळून चौदाशेच्या आसपास. रंग फिकट पिवळसर. हत्ती-जिराफांचे स्टिकर घेतले नाहीत. नवजात बाळाला फुटाभराच्या आतबाहेरचंच काय ते नीट दिसतं, भिंतीवरचा जिराफ पाहुण्यांसाठी असतो.

रंगाचा ब्रश हातात असताना एक गोष्ट मनात पक्की झाली. हा कोपरा बाळाच्या नजरेतून सजवण्यात फारसा अर्थ नाही. रात्री अडीचला तिथे जो जागा असेल त्याच्या सोयीने तो मांडायला हवा. आमच्या घरी ती बहुतेक वेळा बायको असणार होती, उरलेल्या वेळी मी. पुढचा प्रत्येक रुपया या हिशेबाने गेला.

मार्चअखेर मुलगी झालीच होती, भिंत वाळत असताना तिचं बारसंही कराडला उरकलं, आणि खरेदीवरची बंदी उठली. माझं ऑफिस सीएसएमटीजवळ, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत पायी फिरता येत होतं. मंगलदास मार्केटमधून मलमल आणि जाडसर सुती कापड मीटरवर घेतलं. त्यात खिडकीचा गडद पडदा झाला आणि दुपट्यांची चळत झाली. शिलाई मावशीची, फुकट. लोहार चाळीतून अर्ध्या वॉटचा पिवळ्या उजेडाचा दिवा आणला. तो खुर्चीमागे, गुडघ्याच्या उंचीवर लावला. बाळाच्या डोळ्यांवर येत नाही, पण लंगोट बदलताना हात दिसतात एवढा उजेड पडतो. सगळ्या खोलीत हाच दिवा मला सर्वांत जास्त आवडतो.

खुर्ची आजोबांची, वेताची, बसकण फाटलेली. ती विणून घेतली, अकराशे रुपये. नवी 'फीडिंग चेअर' ऑनलाइन बघितली होती, तिच्या किमतीत माझं सगळं बजेट दोनदा बुडालं असतं. हात टेकायला दांड्या हव्यात आणि पाठ सरळ हवी, एवढंच तर लागतं.

पाळणा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दिला, लोखंडी स्टँडसकट. त्यांच्या दोन्ही नातवंडांचा. मी टेप घेऊन गजांमधलं अंतर मोजायला लागलो तेव्हा काकूंना गंमत वाटली. कोल्ड्रिंकचा कॅन गजांमधून जाता कामा नये, असा एक साधा ठोकताळा आहे. अंतर सहा सेंटिमीटरच्या आत हवं. ते होतं. स्टँडचे नटबोल्ट मात्र गंजलेले, ते सगळे नवे घातले. आता तो वजन घेतो का हे बघायचं, तर आई मध्ये पडली, "रिकामा पाळणा हलवायचा नाही हं." मी दहा किलो तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवली आणि चांगली अर्धा तास हलवली. शास्त्रही सांभाळलं, चाचणीही झाली. तिचं म्हणणं, बारशाला वरवंटा ठेवतात, मग तांदळाला काय हरकत आहे.

गादी कापसाची, गादीवाल्याकडून मापाने भरून घेतली, घट्ट आणि सपाट. तो मऊ करून देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : बाळाला उताणं झोपवा, गादी कडक ठेवा, पाळण्यात उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. यावरून घरात थोडी धुसफूस झाली. आईने राईची उशी आधीच शिवून ठेवली होती, डोकं गोल होतं म्हणून. तिला नाही म्हणणं सोपं नव्हतं. शेवटी ती उशी खुर्चीच्या दांडीवर गेली, पाजताना कोपराखाली. आईला ती वापरात दिसते, डॉक्टरांना पाळण्यात दिसत नाही.

चिमणाळं सासूबाईंनी केलं, ब्लाउजच्या उरलेल्या चिंध्यांचं. लाल-हिरव्या चिमण्या, आत कापूस. मी फक्त ते उंच बांधलं आणि लोंबते दोरे आखूड केले. उद्या मुलगी हात मारायला लागली की ते उतरवायचं. पाळण्यावर मच्छरदाणी, कारण पावसाळा तोंडावर होता आणि डोंबिवलीचे डास कुणाला विचारून येत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघी आल्या. बायकोने खोली बघितली, खुर्चीत बसून पाहिली, दिवा लावून-बंद करून पाहिला. मग खुर्ची उचलून पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. म्हणाली, "मला डाव्या हाताने दोरी ओढता आली पाहिजे, उजव्यावर ही असते." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रंग बरा आहे म्हणाली. "पण पंख्याचा रेग्युलेटर बघ. एकवर ठेवला तरी पाचचाच वारा येतोय."

तोवर तीनशे तीस रुपये उरले होते. रेग्युलेटर साडेतीनशेला आला.