स्टुडिओ रिकामा असतो तेव्हा

आमचा फोटो स्टुडिओ, रोजचं काम म्हणजे कॅटलॉगचे फोटो. बाटल्या, बूट, घड्याळं, मागे पांढरा पेपर, दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्या, आणि क्लायंटचं ते ठरलेलं, लोगो जरा अजून उठून दिसू द्या ना. कलाबिला असलं काही डोक्यात नव्हतं खरं तर. मग एकदा ओळखीतल्या एक चित्रकार बाई भलामोठा ऑइलचा कॅनव्हास घेऊन आल्या, म्हणाल्या मोबाइलवर काढला की नुसता चकाकतो, प्रदर्शनाला पाठवायचाय, काढून द्याल का? मी म्हटलं त्यात काय, दहा मिनिटांचं काम.

अख्खी दुपार गेली!

रंगाचे जाडजूड थर, वरून वॉर्निश, प्रत्येक फटकारा आरशासारखा उजेड परत फेकत होता. दोन्ही बाजूंनी ४५ अंशात लाइट लावले तरी गडद भागात पांढरे ठिपके होतेच. शेवटी दोन्ही लाइटपुढे पोलरायझिंग फिल्म लावली, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी, लेन्सवर तसाच पोलरायझर फिल्टर लावून तो हळूहळू फिरवत फिल्मच्या दिशेला आडवा आणला आणि एका क्षणी सगळी चकाकी गायब, खालचा रंग लख्ख. मी खूश. बाई मात्र स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, हे माझं चित्र नाही, हे तर पोस्टर झालं, फटकारे कुठे गेले? आणि बरोबर होतं त्यांचं, कारण त्या जाड रंगाचा उंचसखलपणा दिसतो तो त्याच चकाकीमुळे. मग फिल्टर जरा मागे फिरवला, थोडी चकाकी येऊ दिली.

निळ्याने वेगळाच छळ केला. कोबाल्ट ब्लू लाल टोकाचा बराच प्रकाश परत फेकतो, आपल्या डोळ्याला तो जेमतेम दिसतो पण सेन्सर टिपतो, म्हणून फोटोत निळा जांभळट येतो. फोटोतले रंग जुळवायला २४ रंगांचा चार्ट ठेवला होता, तरी तो निळा काही पुरता सुधरला नाही, शेवटी मूळ चित्र स्क्रीनशेजारी ठेवून बाईंच्या नजरेनेच दुरुस्त केला.

तेव्हापासून काम नसलं की कलाकार येतात. कोणी चित्रं काढून घेतं, बदल्यात बॅकड्रॉप रंगवून देतं, नाटकवाली पोरं लाइट टेस्टला उभी राहतात. सगळं गोडीगुलाबीत चालतं असं नाही हं. एका कुंभारकाम करणाऱ्या मित्राचा वाडगा मी प्रॉप म्हणून जाहिरातीत वापरला, विचारलं नाही, नावही दिलं नाही, आणि तो सहा महिने बोलत नव्हता. चूक माझीच. आता प्रत्येक अदलाबदलीला दोन ओळी लिहून घेते, कोणता फोटो, कुठे वापरणार, नाव कसं येणार.

फोटो स्टुडिओत चित्रकार येणं हे काही नवीन नाही म्हणा. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, देगा, मोरिसो वगैरे चित्रकार मंडळींनी पहिलं प्रदर्शन भरवलं, ज्याला पुढे इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन म्हणू लागले, ते फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओतच. त्यांच्याकडे निदान भिंती तरी होत्या! आमची मोठी भिंत सायक्लोरामाची, म्हणजे फोटोत मागे कोपरा दिसू नये म्हणून खाली गोल वळलेली, तिला खिळा मारायचा नाही, त्यामुळे मागच्या महिन्यात आम्ही चित्रं लाइट स्टँडला क्लॅम्प लावून टांगली.

दुसऱ्या दिवशी बुटांचं शूट. एक कॅनव्हास तिथेच राहिला होता. क्लायंट म्हणाला, अरे वा, हा मागे असाच राहू द्या.

म्हटलं थांबा, जिचं चित्र आहे, आधी तिला फोन लावते.