चपलांचे चौतीस जोड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे समितीचे पत्र आले तेव्हा मला प्रथम आठवले ते वर्ग नव्हेत, तर आमच्या शयनगृहाच्या दाराशी ओळीने मांडलेले चपलांचे जोड. वर्गात जे शिकलो ते दुसऱ्या एखाद्या शाळेतही शिकता आले असते. निवासी शाळेत मात्र शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांच्या दृष्टीआड होतच नसत, आणि या अखंड सहवासाचा भार आमच्यापेक्षा शिक्षकांवर अधिक पडत असे, हे उमगायला मला बरीच वर्षे लागली.

आमचा दिवस घंटेवर चाले. पहाटे साडेपाचला पहिली घंटा, मग स्नानगृहासमोरची रांग, प्रार्थना, वर्ग, खेळ, सायंकाळचा अभ्यास आणि साडेनऊला दिवे बंद. थोड्याफार फरकाने सर्वच निवासी शाळांचे वेळापत्रक असे असते, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. पहिल्या वर्षी मला ते जाचक वाटे. पुढे ध्यानात आले, की घरची आठवण धावपळीत येत नाही. ती येते दिवेलागणीला आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर. खेळ आणि अभ्यास यांच्यामध्ये हातपाय धुण्यापुरतीच फट ठेवण्यामागे हाच विचार असावा. रविवारची दुपार तेवढी मोकळी असे, आणि नव्या मुलांचे डोळे नेमके तेव्हाच भरून येत. त्या दुपारी भाषेच्या बाई सर्वांना घरी पत्र लिहायला बसवत. त्या पत्र वाचत नसत, पण ‘मी येथे खुशाल आहे’ एवढ्यावर कोणी आटोपते घेतले, तर दुरूनच लांबी पाहून कागद परत करत. डोळे पुसत का होईना, पान भरेपर्यंत रडू ओसरलेले असे.

आमचे गृहप्रमुख गणिताचे शिक्षक होते. शयनगृहाला लागून असलेल्या दोन खोल्यांत ते राहत आणि त्यांचे दार आतून लावलेले मी कधी पाहिले नाही. सकाळी ज्याला गणित चुकले म्हणून उभे केले, त्याच्याच खेळात संध्याकाळी पंच व्हायचे, रात्री त्याच्याच पंक्तीला जेवायचे आणि त्याला ताप आला तर मध्यरात्री उठून औषधही द्यायचे, अशी ती नोकरी होती. रागावलेला चेहरा घेऊन घरी निघून जाण्याची जी सोय इतर शाळांतील शिक्षकांना असते, ती सरांना नव्हती.

शयनगृहात आम्ही ३४ जण होतो. दहाच्या सुमारास सर गस्तीला येत. कोणाच्या तोंडावर टॉर्च मारलेला त्यांना आवडत नसे. ते उजेड जमिनीवर धरून जोड मोजत आणि आकडा नोंदवहीत लिहून सही करत. ही युक्ती आम्हाला कळली, तेव्हा तिच्यावर तोड निघणारच होती. एका पावसाळी रात्री आम्ही दोघे चपला जागेवर ठेवून अनवाणीच मैदानात गेलो. जोड ३४ भरले. सकाळी मात्र अंथरुणे आवरण्याच्या वेळी सर एकेका चादरीचा पायथा उलटून पाहत आले आणि आमच्या दोघांच्या चादरींवर वाळलेला चिखल निघाला. आठवडाभर व्हरांडा झाडण्याची शिक्षा आम्ही मुकाट्याने भोगली. आज मला वाटते, की त्यांना रात्रीच संशय आला असावा. पण झोपलेल्या बत्तीस जणांना उठवणे त्यांना पटले नसावे.

आठवीत असताना शयनगृहात कांजिण्या शिरल्या. पहिल्या मुलाच्या अंगावर पुरळ दिसताच त्याला आजाऱ्यांच्या खोलीत हलवले, तेव्हा आता संकट टळले असे आम्ही समजलो. जीवशास्त्राच्या सरांनी मात्र दिनदर्शिका आणून आम्हाला हिशेब समजावला: संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो इतरांना लागू शकतो, म्हणजे आपण त्याला हलवले ते उशिराच. त्यांनी तारखांभोवती वर्तुळे केली. साधारण दोन आठवड्यांनी, वर्तुळांच्या आतच, पाच मुले एकापाठोपाठ आजारी पडली. फोडांवर खपल्या धरेपर्यंत त्यांना वेगळे ठेवायचे होते. ज्यांना पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या होत्या त्यांचीच निवड त्यांच्या सेवेसाठी झाली. गृहप्रमुखांनाही लहानपणी त्या येऊन गेल्या असल्याने त्यांनी आपली वळकटी त्या खोलीत नेऊन टाकली. मीही त्या पाचांत होतो. खाजवू नये म्हणून सर रात्री उशिरापर्यंत आम्हाला तोंडी गणिते घालत. ताप उतरल्यावर तीच गणिते पुन्हा विचारली, याचा राग मात्र माझ्या मनात बरेच दिवस होता.

दहावीच्या वर्षी मी शयनगृहाचा मॉनिटर झालो. गस्तीची नोंदवही रोज सकाळी कार्यालयात पोहोचवणे हे माझ्याकडे असे. एखाद्या रात्री आकडा कमी असेल, तर समोर कारण लिहिलेले असायचेच. त्या बाबतीत सरांनी कोणाचीही गय केलेली माझ्या पाहण्यात नाही.

शाळेतल्या शेवटच्या रात्री मात्र आम्ही सारेच झोपायचे सोडून गच्चीवर गप्पा मारत बसलो होतो, आणि जुन्या सवयीने सर्वांच्या चपला खाली दाराशी होत्या. दहाला जिन्याशी टॉर्चचा उजेड दिसला. आम्ही श्वास रोखून बसलो. उजेड शयनगृहात गेला, रिकाम्या खाटांमधून फिरला असणार, आणि थोड्या वेळाने सरांच्या खोलीकडे परतला. सकाळी नोंदवही नेताना मी ते पान उघडून पाहिले. तारखेपुढे सरांच्या सरळ अक्षरात लिहिले होते, ‘जोड ३४’, आणि खाली सही होती. कारणाचा रकाना कोरा होता.