नवी केलेली जावा घ्यावी की अंगणात पडलेली?

जुनी जावा मोटारसायकल घ्यायचे ठरवलेली माणसे भेटली की बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो: रंग, क्रोम, सीट सगळे नवे करून विकायला ठेवलेली गाडी घ्यावी, की कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून असलेली? मी जुन्या मोटारसायकली घेतो, दुरुस्त करतो आणि त्यांतल्या काही हौशी मंडळींना विकतोही, त्यामुळे तयार गाडी घ्या असे सांगण्यातच माझा फायदा आहे. तरीही तुम्ही विचारलेत म्हणून मनापासून सांगतो: कागद पुरे असतील आणि पत्रा मूळचा असेल, तर पडलेलीच घ्या.

आपल्याकडे जावा म्हणून जी ओळखली जाते ती बहुधा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, अडीचशे सीसीची, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली टू-स्ट्रोक गाडी. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्यावर रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६१ पासून ती तिथे बनवली, सत्तरच्या दशकात गाड्यांवर येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा नावाने पुन्हा गाड्या आल्या खऱ्या, पण त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे आणि त्यांचे सुटे भाग जुन्या गाडीला चालत नाहीत. म्हणजे साठच्या दशकातल्या गाडीवर आज जो मूळचा मडगार्ड, जी मूळची टाकी किंवा जो मूळचा हेडलाइटचा डबा शिल्लक आहे, तो गेला की गेला. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अधूनमधून एखादा अस्सल भाग हाती लागतो. बाकी सगळा भरवसा नव्याने ठोकलेल्या बाजारू पत्र्यावर.

नवी केलेल्या गाडीत नेमके हेच झाकले जाते. जावाचे मडगार्ड खोल आणि गोलाईचे असतात, पावसाळ्यात चिखल आत साचून ते खालच्या कडेने कुजतात, आणि कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी पुट्टी भरून वरून रंग मारणे कितीतरी स्वस्त पडते. म्हणून मी फडक्यात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक खिशात ठेवतो आणि मडगार्डच्या कडांवरून आणि टाकीच्या तळाशी ते सावकाश फिरवतो. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. पडलेल्या गाडीवर ही शंका उरत नाही. गंज, पोचे, उडालेला क्रोम, सगळे डोळ्यांसमोर असते आणि त्याचा खर्च पैसे देण्याआधी मांडता येतो.

पत्र्याहून मोठी गोष्ट नंबरांची. फ्रेमचा, म्हणजेच चेसिसचा, नंबर हँडलखालच्या नळीवर आणि इंजिनाचा केसिंगवर ठोकलेला असतो. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाकला, तर नंबराभोवतीचा भाग घासला गेला आहे का ते लगेच कळते. कारखान्यातला ठसा एका खोलीचा आणि साधारण सरळ ओळीत असतो. नंतर हाताने ठोकलेले आकडे वरखाली होतात, त्यांच्यातले अंतर बदलते, आणि शेजारचे ओतकाम खडबडीत असताना नंबराखालची जागाच तेवढी गुळगुळीत दिसते. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की जी चेसिस प्रिंट निघते, ती आरसी बुकाशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. इंजिन बदललेले असणे हा काही गुन्हा नाही, एवढ्या वर्षांत ते होतेच. पण तो बदल आरसीत चढवलेला नसेल, तर गाडी नावावर होताना ती अडकणार. इंजिनाचे केसिंग आरशासारखे पॉलिश करून त्याबरोबर नंबरही पुसट केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि अशी गाडी कितीही देखणी असली तरी मी घेत नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र पडलेली गाडी जास्त त्रास देते, हे मान्य केले पाहिजे. मालक पुष्कळदा हयात नसतो. मिरजेजवळच्या एका घरी अशीच एक जावा पाहिली होती. मालकांच्या पत्नीने पत्र्याच्या डब्यात आरसी बुक, कराच्या पावत्या आणि गाडीचे खरेदीचे बिलही घडी करून जपून ठेवलेले होते. तेवढे असूनही मी त्यांना म्हणालो, "काकू, गाडी आधी तुमच्या नावावर करून घेऊ, मग माझ्या." मृत्यूचा दाखला, इतर वारसांचे संमतिपत्र आणि फॉर्म ३१ एवढे झाले की वारसाच्या नावावर नोंद होते आणि त्यानंतरची विक्री नेहमीच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर होते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागतो, आणि जुनी नोंद संगणकावर चढलेली नसेल तर आधी बॅकलॉगची नोंद करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, पण तो मार्ग आहे. आरसीच नसलेल्या गाडीला "नंतर करून देतो" असे विकणारा म्हणाला, तर तिथूनच परत फिरावे.

बरेच जण व्हिंटेज नोंदणीचे विचारतात. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी त्यात बसते; नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात व्हीए ही अक्षरे. मात्र अशी गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांपुरतीच. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे असेल, तर मूळचा नंबर आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण हेच बरे. आणि १९८३ ची राजदूत ३५० किंवा १९८५ ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल दाखवून कोणी व्हिंटेजचा भाव सांगत असेल, तर त्या दोन्हींची पन्नाशी अजून व्हायची आहे.

इंजिनाची मला त्या मानाने कमी काळजी वाटते. पडलेल्या गाडीचा पिस्टन बहुधा चिकटलेला असतो. किकवर जोर न लावता प्लगच्या भोकातून तेल सोडून काही दिवस थांबावे. रिबोअर (झिजलेला सिलिंडर आतून कापून घेणे), क्रँक, ऑइल सील ही कामे करणारे हात आजही मिळतात. गाडी चालू असेल तर जावाची खासियत तपासावी: एकच दांडा किक आणि गिअर दोन्हीचे काम करतो, आणि गिअर टाकण्यासाठी तो दाबताच क्लच आपोआप सुटतो. हातातला क्लच न दाबता पहिला गिअर टाकून पाहावा; करकर वाजले तर क्लचचे काम निघणार. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअरचे तेल कमी होत असेल, तर क्रँकचे क्लचच्या बाजूचे सील गेले असे धरून चालावे.

ज्यांच्याकडे जागा नाही, ओळखीचा मिस्त्री नाही आणि वर्षभर थांबायची तयारी नाही, त्यांनी तयार गाडी जरूर घ्यावी. पण विकणाऱ्याकडे रंग काढल्यानंतरचे उघड्या पत्र्याचे फोटो मागावेत आणि इंजिनात टाकलेल्या मालाची बिले पाहावीत. निगुतीने काम केलेला माणूस ती न विचारताच पुढे ठेवतो. विसार देताना पावतीवर इंजिन आणि चेसिसचे नंबर लिहून घ्यावेत, आणि उरलेली मोठी रक्कम गाडी तुमच्या नावावर झाल्यावरच द्यावी.