पेट्रोल व्ही-८ आणि आप्पांचं डिझेल: पावसाळ्यापर्यंतची नोंद

ट्रक मागच्या नोंदींतलाच: पाऊण टनी पिकअप (हे वर्गाचं नाव, खरं वजन नव्हे), सहा लिटरच्या वरचा पेट्रोल व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. ट्रेलरही तोच, सामानासकट सात हजार पौंडांच्या आसपास. मुक्काम कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला. तुलनेला आप्पांचा डिझेल आहे: एक टनी, मागे बारा हजार पौंडांची फिफ्थ-व्हील (ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा मोठा ट्रेलर). आप्पा मूळचे सांगलीचे. निवृत्त झाल्यापासून थंडी पडली की ॲरिझोनाकडे निघतात आणि वाटेतले सगळे आकडे मला कळवतात. दोन्ही ट्रकांच्या कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की ब्रँडवरून जुंपते आणि आकडे राहतात बाजूला.

वही ठेवण्याचं कारण नव्या मंडळींसाठी सांगतो. ज्या गाडीचं भरल्या वजनाचं कमाल रेटिंग ८,५०० पौंडांच्या वर आहे, तिला अमेरिकेत ॲव्हरेजचं सरकारी स्टिकर लावावं लागत नाही. त्यामुळे या वर्गातला ट्रक विकत घेताना काचेवर मायलेजचा आकडाच नसतो. मग उरतं काय, तर टाकी फुल करायची, मैल लिहायचे, पुन्हा फुल करायची. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही, तो नेहमी गोड बोलतो.

ऑक्टोबर: टिक-टिक

थंड इंजिन सुरू केलं की उजव्या बाजूने टिक-टिक, आणि गरम झाल्यावर बंद. लिफ्टरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) शंका आधी येते, पण आवाज तापल्यावर जात असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीकडे) बघा. मागच्या सिलिंडरजवळ काजळीचा पट्टा दिसला आणि निदान झालं: टोकाचा बोल्ट तुटलेला. मॅनिफोल्ड बिडाचा, तो ज्यावर बसतो ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं. दोघांचं तापून फुगणं वेगवेगळं, आणि त्या ओढाताणीत टोकाचे बोल्ट जातात. मोठ्या पेट्रोल व्ही-८ मध्ये हे दुखणं कुठल्या एकाच कंपनीचं नाही.

बोल्ट हेडच्या आत तुटला होता. उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करून, त्याच उष्णतेने सैल करून काढला. बोल्ट दोन-चार डॉलरचा, पण चाकाच्या आतल्या पत्र्यापासून सगळं उघडावं लागतं, म्हणजे पैसे जातात ते मजुरीत. उघडलंच होतं म्हणून प्लगही बदलून टाकले. पेट्रोल ट्रकवर आतापर्यंत झालेला सगळ्यात मोठा खर्च हाच. आप्पांच्या बाजूचे आकडे आले की हे वाक्य पुन्हा आठवा.

ऑइल चेंजचं तेवढ्यातच सांगून टाकतो. या वर्गातल्या पेट्रोल इंजिनात सात-आठ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) ऑइल मावतं, मोठ्या डिझेलमध्ये दहा ते तेरा. शिवाय डिझेलला फ्युएल फिल्टर ठरल्या वेळी बदलावे लागतात, बऱ्याच ट्रकांत दोन असतात. घरी करणाऱ्याला फरक थोडा, बाहेर करून घेणाऱ्याला दर खेपेला जाणवेल इतका.

फेब्रुवारी: रेटन पास

आप्पा परतीच्या वाटेवर. ॲरिझोनातून निघताना मुख्य टाकीबरोबर मागची जादा टाकीही भरून घेतली होती. न्यू मेक्सिको ओलांडून, कोलोरॅडोच्या सीमेवरच्या रेटन घाटाच्या पायथ्याशी मुक्काम केला आणि रात्री पारा शून्याच्या खूप खाली गेला. सकाळी इंजिन सुरू झालं, थोडं चाललं, बंद पडलं. डिझेलमधलं पॅराफिन थंडीत मेणासारखं गोठतं आणि फिल्टर चोंदतो. थंड राज्यांतले पंप हिवाळ्यात हलकं, मिश्र डिझेल विकतात. गरम भागात तशी गरज नसते. आप्पांच्या टाकीत ते गरम भागातलं होतं.

अँटी-जेल, म्हणजे डिझेल गोठू न देणारं औषध, गोठण्याआधी टाकायचं असतं. गोठल्यावर उपयोगी पडतं ते वेगळं, वितळवणारं औषध. आप्पांकडे ते होतं, नवा फिल्टरही होता. दुपारपर्यंत निघाले. फोनवर म्हणाले, "अरे, इंजिनाला काही झालं नाही रे, नुसती पोटाला थंडी बाधली." मी म्हटलं, "आप्पा, माझ्या पेट्रोलला तीही बाधत नाही." त्यावर त्यांनी फोन ठेवला.

इंधनाचा विषय निघालाच आहे तर इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या हाय-प्रेशर पंपाचंही बोलू. वापरलेला डिझेल ट्रक शोधणाऱ्यांना हे सगळ्यात आधी कळायला हवं. बॉशचा सीपी-४ पंप डिझेललाच वंगण म्हणून वापरतो. अमेरिकेच्या डिझेल मानकात झिजेच्या चाचणीत पडणाऱ्या खुणेची मर्यादा ५२० मायक्रॉन, युरोपात ४६०. म्हणजे इथलं डिझेल कायद्यानेच जरा कोरडं चालतं. पंपाच्या आतला रोलर अडला किंवा फिरला की धातूचा कीस निघतो आणि तो पंपात थांबत नाही. रेल, इंजेक्टर, परतीची नळी, टाकी, सगळीकडे जातो. मग सगळंच बदलायचं, आणि बिल दहा हजार डॉलरच्या घरात. रॅम कंपनीने २०१९ आणि २०२० च्या कमिन्स डिझेलवाल्या ट्रकांसाठी २०२१ मध्ये दोन लाखांवर गाड्यांचा रिकॉल काढला आणि सीपी-४ काढून जुन्या धाटणीचा सीपी-३ बसवला. जीएमने २०१७ च्या ड्युरामॅक्स डिझेलपासून डेन्सोचा पंप घेतला. फोर्डचं ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल मात्र २०११ पासून सीपी-४ वरच आहे. म्हणून त्या इंजिनाच्या मालकांत पंप फुटला तर कीस पुढे जाऊ नये असं बायपास किट बसवायची पद्धत आहे. सगळे पंप फुटतात असं अजिबात नाही. लाखो मैल चाललेले आहेत. पण फुटला तर काय होतं हे ठाऊक असूनही त्यासाठी पैसे बाजूला न ठेवणं मला पटत नाही.

जुन्या डिझेलची कीर्ती ऐकून नवं घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. फोर्डचं ७.३ पॉवर स्ट्रोक डिझेल (२००३ पर्यंतचं) खरंच टिकायचं. त्यावर ना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), ना युरिया. मग आलेलं ६.० (२००३ ते २००७) ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग) आणि हेड गॅस्केटसाठी बदनाम झालं. २००७ च्या प्रदूषण नियमांनी डीपीएफ आणला, २०१० च्या नियमांनी डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं द्रावण). आजचं इंजिन लोखंडाच्या भागात पूर्वीइतकंच दणकट आहे. आजारी पडते ती त्यामागची धुराची नळी. आणि गंमत बघा, फोर्डने २०२० मध्ये ७.३ हाच आकडा पुन्हा काढला तो पेट्रोलवर: बिडाचा ब्लॉक, ब्लॉकमध्येच कॅमशाफ्ट, पुशरॉड, साधं पोर्ट इंजेक्शन. जुन्या काळची रचना कुठे उरली असेल तर ती आता पेट्रोलकडे.

एप्रिल: आप्पांची वाण्याची फेरी

ट्रेलर घराशेजारी लावला की आप्पांचा ट्रक रोज दोन-तीन मैलांवरच्या दुकानापर्यंत जातो आणि येतो. डिझेलला नेमकं हेच सोसत नाही. डीपीएफमध्ये साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, त्यासाठी जादा इंधन सोडलं जातं, आणि ते पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. मधेच चावी फिरवली की काम अर्धवट. पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. काही इंजिनांत हे जादा इंधन सिलिंडरमध्येच उशिरा सोडतात, त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आप्पांच्या डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसली ती त्यामुळे. ऑइल बदललं. आता ते आठवड्यातून एकदा हायवेवर लांब चक्कर मारतात, निमित्त भाजीचं.

त्यातच डीईएफच्या टाकीतला हीटर गेला. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. उणे ११ सेल्सिअसला गोठतं, म्हणून हीटर. तो गेला की डॅशवर ठरावीक मैलांनंतर वेग मर्यादित होईल अशी सूचना येते. इंजिन ठणठणीत, आणि गाडी चालू देत नाही. सुट्या भागाच्या नावाखाली आख्खं टाकीचं मोड्यूल बदलावं लागलं आणि बिल माझ्या मॅनिफोल्डच्या कामापेक्षा बरंच मोठं आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने) ही वेग मारण्याची पद्धत सौम्य करायला उत्पादकांना सांगितलं, पण जुन्या ट्रकांना सॉफ्टवेअर मिळेपर्यंत सूचना तीच.

"काढून टाका सगळं, पाइप सरळ करा" हा डीपीएफ-डीईएफ उपटून टाकण्याचा सल्ला इथे हमखास मिळतो. ते फेडरल कायद्याने बेकायदेशीर आहे. विकताना अडचण वेगळी, आणि मागच्या गाडीत बसलेल्याच्या नाकात काय जातं तेही आहेच. या नोंदीत त्याचा हिशेब मी धरणार नाही.

मे: वहीतलं गणित

पुण्याहून भाऊ विचारत असतो, डिझेलच का नाही घेतलंस, ॲव्हरेज देतं. त्याच्या डोक्यात भारतातला पंप आहे, तिथे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त. इथे बहुतेक वेळा उलट. फेडरल करच पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४.

माझं पेट्रोल रिकामं १४ मैल प्रति गॅलनच्या आसपास, ट्रेलर लावून ९. म्हणजे लिटरला साधारण सहा आणि पावणेचार किलोमीटर. आप्पांचा ट्रेलर जड आहे, म्हणून त्यांनी माझा ट्रेलर लावून चालवलेले आकडे घेतले: रिकामं १७, ओढताना १२. डिझेलच्या गॅलनमध्ये ऊर्जाच १३-१४ टक्के जास्त असते, त्यामुळे या फरकातला बराच भाग इंजिनाचा नसून इंधनाचाच आहे.

भाव गणितापुरता धरू: पेट्रोल ३ डॉलर, डिझेल ३.६०. वर्षाला दहा हजार मैल, त्यातले तीन हजार ओढत. पेट्रोलला ८३३ गॅलन, म्हणजे २,५०० डॉलर. डिझेलला ६६२ गॅलन, म्हणजे २,३८३. फरक ११७ डॉलर. त्यातून डीईएफचे पैसे वजा केले की हातात चहाचे उरतात. आणि नव्या ट्रकवर डिझेल इंजिनाचे जादा मोजावे लागतात दहा हजार डॉलरच्या आसपास.

दुसऱ्या टोकाचं बघा. वर्षाला पंधरा हजार मैल, सगळे ओढतच. पेट्रोल ५,००० डॉलर, डिझेल ४,५००. भाव दोन्हीचा ३.३० असा सारखा झाला तर मात्र ५,५०० विरुद्ध ४,१२५. म्हणून मी आता पंपावरचे दोन भाव एकमेकांना भागून बघतो. डिझेल पेट्रोलच्या १.२१ पटीपेक्षा महाग असेल तर रिकाम्या ट्रकला परवडत नाही. ओढताना ती सीमा १.३३ पटीला आहे. तुमच्या ट्रकचे आकडे घालून तुमची सीमा काढा.

आप्पांचा प्रतिवाद असा की विकताना डिझेलला जास्त पैसे येतात. खरं आहे, त्या दहा हजारांतला चांगला भाग परत मिळतो. पण विकेपर्यंत वॉरंटी संपली, तर पंप आणि डीईएफची जोखीम डोक्यावर घेऊन थांबावं लागतं. मी तेवढं थांबणार नाही.

वजनाचंही एक. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काही शे पौंडांनी जड. पाऊण टनी ट्रकचं एकूण रेटिंग बऱ्याचदा १०,००० पौंडांवरच थांबवलेलं असतं, त्यामुळे जड इंजिन घातलं की दाराच्या पिवळ्या स्टिकरवरचा पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) घटतो. फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा २० ते २५ टक्के भाग ट्रकवर येतो. आप्पांच्या बारा हजारांचे निदान २,४०० पौंड. पाऊण टनी डिझेलमध्ये ते बसत नव्हते, म्हणून एक टनी घ्यावा लागला. ओढायची ताकद भरपूर आणि पाठ कमजोर, असा पाऊण टनी डिझेल घेऊन फसलेले लोक मला कॅम्पग्राउंडवर दर हंगामात भेटतात.

जुलै: आयझेनहॉवर बोगदा

इथे आप्पा जिंकतात, वादच नाही. कोलोरॅडोतल्या आय-७० महामार्गावर पश्चिमेकडून बोगद्याकडे चढणारा घाट सुमारे आठ मैल, सात टक्क्यांचा, आणि बोगदा ११,००० फुटांच्या वर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना जवळपास तीन टक्के ताकद गमावतं. तिथे पोहोचेपर्यंत माझ्या व्ही-८ ची तिसरा हिस्सा ताकद हवेत गेलेली. खालच्या गिअरमध्ये इंजिन ४,५०० आरपीएमच्या वर फिरत, ट्रकांच्या लेनमध्ये, ताशी ४५ मैलांच्या वेगाने. त्यात कोलोरॅडोतलं साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं. मॅन्युअल ८७ सांगतं, म्हणून ओढायच्या दिवशी मी वरचंच भरतो. तापमानाने जागा सोडली नाही, ना पाण्याच्या ना गिअरबॉक्सच्या. बायको म्हणाली, "हे असं किती वेळ ओरडणार?" बोगद्यापर्यंत, म्हटलं.

आप्पा बारा हजार पौंड घेऊन ६० ने वर गेले. टर्बो हवा दाबून भरतो, त्याला उंचीचं फारसं वाटत नाही. पण मला हेवा वाटला तो उतरताना. एक्झॉस्ट ब्रेक लावला की टर्बोच्या पात्या मिटतात, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि पायाखालचे ब्रेक जवळजवळ थंड राहतात. माझा टो-हॉल मोड गिअर खाली टाकून काम करतो, पण मधूनमधून पाय लावावाच लागतो. वर्षातून बरेच महिने असे घाट, दहा हजार पौंडांच्या पुढे, असं असेल तर मी इंधनाचा हिशेब बघणारच नाही, या ब्रेकसाठी डिझेल घेईन.

माझं काम तसं नाही. ट्रक हिवाळाभर छोट्या फेऱ्या मारतो, उन्हाळ्यात सात हजार पौंड ओढतो. पेट्रोलच राहणार.

पुढची कामं: मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलायचंय, डाव्या बाजूचे मॅनिफोल्ड बोल्टही आधीच नवे घालायचेत, तुटायची वाट न बघता. ॲक्सलचं गिअर प्रमाण सध्या ३.७३ आहे. ४.१० किंवा ४.३० ने याच घाटावर वेग किती वाढतो आणि सपाटीवर रिकामं ॲव्हरेज किती पडतं, हे पेट्रोल ट्रकवर कुणी मोजलं असेल तर ट्रेलरच्या वजनासकट आकडे द्या. नुसतं "खूप फरक पडतो" असं नको.