ससूनचं नाव आणि शांघायची एक गल्ली

टूर मॅनेजरच्या नोकरीत शांघायचा दिवस बहुतेक ठरलेला असतो. सकाळी 'बंड' हा नदीकाठचा रस्ता, मग नानजिंग रोडची बाजारपेठ, दुपारी रेशमाचं दुकान, रात्री हुआंगपू नदीत बोटीची फेरी. त्या वेळी ग्रुप पुण्याचा होता. सूचौ नदीच्या पुलावर बस रेंगाळली, तेव्हा आमच्या शांघायच्या गाइडने उत्तर काठावरची लांबलचक, नागमोडी इमारत दाखवली. ही व्हिक्टर ससूननी बांधली, असं ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं आणि मागून आवाज आला, "ससून? म्हणजे आपले ससून?"

त्या काकू ससून हॉस्पिटलमधून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मी म्हटलं, "हो काकू, मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून, त्यांचे पणतू."

"मग अजून सांग ना त्यांच्याबद्दल."

रेशमाचं दुकान रद्द करू का, असं मी सगळ्यांना विचारलं. दोघा-तिघांनी नाकं मुरडली, पण बस होंगखौ भागातल्या थिलानछ्याओकडे, ज्यू निर्वासितांच्या जुन्या वस्तीकडे वळली. वाटेत मी सांगू लागले.

हिटलरच्या काळात जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून निघालेल्या ज्यूंना बहुतेक देशांनी दारं बंद केली होती. शांघायला उतरायला तेव्हा व्हिसा लागत नसे. त्यामुळे सुमारे 20 हजार जण इथे आले. बरेचसे इटालियन बोटींनी आले, आणि त्या बोटी वाटेत मुंबईला थांबत. हे ऐकल्यावर बसमधली चुळबुळ थांबली. मघाशी पाहिलेल्या इमारतीत यातल्या अनेकांची पहिली सोय झाली. पुढे ते होंगखौत पसरले. 1937 च्या चीन-जपान लढाईत हा भाग उद्ध्वस्त झाला होता, म्हणून भाडी परवडत. शांघाय पुढे जपानच्या ताब्यात गेलं, आणि फेब्रुवारी 1943 मध्ये जपान्यांनी फर्मान काढलं की 1937 नंतर आलेल्या 'राष्ट्रहीन' निर्वासितांनी याच भागातल्या साधारण एक चौरस मैलात राहायचं. भिंत नव्हती, पण बाहेर पडायला पास लागे.

चौशान रोडवरच्या लाल विटांच्या घरांसमोर आम्ही उभे होतो. ग्रुपमधले एक काका म्हणाले, "बघा, आपल्या मुंबईच्या पैशानं किती जीव वाचवले!"

गाइडने मला विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "त्यातला पुष्कळ पैसा अफूचा होता. माळव्यातून मुंबईला, मुंबईहून इथे. तेही सांगा." ते मी सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. काकांना ते रुचलं नाही. "सहलीला आलोय, हे कशाला?" असं ते पुटपुटले. मला मात्र ते सांगणं भाग होतं. अफूनं चीनमधली घरंच्या घरं धुळीला मिळवली, आणि ती विकणाऱ्यांत ससून घराणं आघाडीवर होतं. ज्या घराण्याच्या देणगीतून पुण्याचं हॉस्पिटल उभं राहिलं, ज्याच्या वारसानं इथे निर्वासितांसाठी इमारत खुली केली, तेच हे घराणं. यातलं एक सांगून दुसरं गाळणं मला जमणार नव्हतं, विशेषतः तिच्यासमोर.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी वेगळंच विचारलं, "हे लोक इथे आले, तेव्हा इथले आधीचे लोक कुठे गेले?"

कुठेच गेले नव्हते. त्याच गल्ल्यांत सुमारे एक लाख चिनी माणसं राहत होती. तीही युद्धात होरपळलेली, बरीच निर्वासितांहूनही गरीब. 17 जुलै 1945 ला अमेरिकन विमानांचे बॉम्ब या भागावर पडले, त्यात काही निर्वासित गेले आणि चिनी शेकडोंनी. जवळच्या ज्यू निर्वासित संग्रहालयाच्या भिंतीवर निर्वासितांची हजारो नावं कोरलेली आहेत. शेजाऱ्यांची तशी यादी मला कुठे दिसली नाही.

गाइडची आजी याच भागातली. काकूंनी तिचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "विचार तिला, आजी तेव्हा काय खायची?" भाजीचे देठ आणि पातळ पेज, असं ती म्हणाली. मग ती आजीबद्दल सांगतच गेली, मी मराठी करत गेले, आणि रात्रीची बोट पुढच्या फेरीवर ढकलावी लागली.